कोरा शिधा

चुडामण पाटलांचा माणसं जोखण्यात हातखंडा होता. कोण चार ओळी निंदल्या की तंबाखू मळायला बसेल, कोणता पाहुणा तिसऱ्या दिवशी हलेल, कोणाची सून आधी रुसून माहेरी निघेल, हे ते म्हसावदच्या आपल्या ओट्यावर बसून सांगत आणि दहातलं आठ वेळा खरं निघे. उरलेल्या दोन वेळी ते म्हणत, माणूसच खोटं निघालं, त्याला मी काय करू.

बाज्या पावरा त्यांच्याकडे आठ वर्षं सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, साल ठरायचं आणि पुढच्या आखाजीपर्यंत तो त्यांच्याच गोठ्याशेजारी राहून राबायचा. त्याच्याविषयी पाटलांचं मत तीन शब्दांत संपे : बैलाला मारत नाही.

सन सदतीसच्या होळीला बाज्या चार दिवसांची रजा घेऊन डोंगरात गेला आणि आठवा दिवस उजाडला तरी परतला नाही. खळ्यावर गहू पडलेला. पाटलांचं डोकं फिरलं. रोज शेतातून दिसणारा सातपुडा ते पन्नास वर्षांत एकदाही चढले नव्हते. पाऊस कुठून येतो ते बघण्यापुरता त्याचा उपयोग. आता मात्र त्यांनी घोडी काढली आणि सालदाराला बखोटीला धरून आणायला निघाले.

घोडी पायथ्यालाच ठेवावी लागली. पुढे दीड दिवस पायवाट. पहिली टेकडी पाटील बाज्याला शिव्या घालत चढले, दुसरी घोडीला, तिसरीला दम पुरेना म्हणून गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर त्यांना दिसायला लागलं. पळस असे पेटले होते की उतारावर पान नावाला नव्हतं. सकाळी मोहाच्या झाडाखाली फुलांचा सडा, त्याचा तो जड गोड वास. एका माथ्यावर थांबून त्यांनी मागं पाहिलं. तापी सुताएवढी, आणि ज्या बांधासाठी त्यांनी सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं तो बांध तर दिसतच नव्हता. पाटलांना उगाच हसू आलं.

बाज्याच्या पाड्यावर पोचले तेव्हा होळीची तयारी चालली होती. त्या मुलखात एकेका गावाची होळी वेगळ्या दिवशी असते, हे त्यांना तिथं कळलं. बाज्या त्यांना ओळखू आला नाही. अंगभर राखेचे ठिपके, कमरेला सुके दुधी भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसांचा हातभर उंच टोप. नवस केलेला माणूस तिथं होळीला असा बावा होतो. खाटेवर बसत नाही, बाईला शिवत नाही, नाचून नवस फेडतो.

"आबा, तुम्ही?" बाज्या म्हणाला. "गहू राही गया ना? दोन दिनमा येस मी. पाच वरीसन्या होळ्यासना नवस शे. ही तिसरी."

"कसाना नवस?"

"पोऱ्याना."

"तुले पोऱ्या शे?"

"शे ना. वीरसिंग. तीन वरीसना."

"माले कधी सांगं नही."

"तुम्ही कधी इचारं नही, आबा."

वीरसिंगच्या आधीची दोन मुलं पावसाळ्यात गेली होती. पाटलांना आठवलं, दोन पावसाळ्यांत बाज्यानं रजा मागितली होती आणि दोन्हीदा ते म्हणाले होते, आधी निंदणी होऊ दे.

बाज्याची आई दगूबाई त्यांच्याशी पावरी बोलीत खूप काही बोलली, पाटलांना एक अक्षर कळलं नाही आणि तरी ते मान हलवत राहिले. तिनं त्यांना झोपडीच्या आत, चुलीजवळ बसवलं. सागाच्या पानावर ज्वारीची भाकर आणि आमचूर घातलेली आंबट उडदाची डाळ वाढली. पाटील क्षणभर थांबले. घरात सोवळं-ओवळं फार. मग भूक म्हणा, डोंगर म्हणा, त्यांनी घास घेतला. दुसरी भाकर मागून घेतली. दगूबाई हसली, तेव्हा तिच्या तोंडात दोनच दात असल्याचं त्यांनी पाहिलं, आणि एरवी सगळं जोखणाऱ्या त्यांना हे कशात मांडावं ते सुचलं नाही.

"आते तुम्ही भाऊ व्हयनात," बाज्या म्हणाला. "होळीना दिन जो घरमा जेवस, तो भाऊ. त्यानं एक मांगनं मोडता येत नही."

पहाटे होळी पेटली. ढोल घुमले, आणि आठ वर्षं खाली मान घालून कडबा तोडणारा तो माणूस मोरासारखा उठला. उजाडेपर्यंत नाचला. पाटील पोरासारखे तोंड उघडं टाकून बघत राहिले. गहू त्यांना एकदाही आठवला नाही.

घरी बायकोला, प्रमिलाबाईंना, मात्र आठवत होता. "आठे गहू उंदरं खाई ऱ्हायनात, अन तुम्ही तठे ढोल ऐकी ऱ्हायनात."

पण पाटलांना आता राहवेना. येईल त्याला ते डोंगर सांगायचे. पळस असा, टोप असा. ऐकणारे गालात हसत. ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "पाटीलले मोहानी चढी गयी." माणसाला एखादी गोष्ट सुंदर दिसली की दोन रोग जडतात : एक, ती दुसऱ्याला दाखवावी, दोन, दाखवताना ती आपली म्हणून दाखवावी. पाटलांना दोन्ही जडले.

आखाजीला लेकी-जावई यायचे होते. पाटील गोठ्यात गेले.

"बाज्या, टोप लई ये. जवाईसले दखाडानं शे. एकडाव नाच."

"आबा, तो होळीनाच ऱ्हास. मंग आढ्याले टांगेल ऱ्हास. बाहेर काढतस नही."

"मी तुन्हा भाऊ ना? हाई मन्हं मांगनं समज."

बाज्या बराच वेळ बैलाची पाठ खाजवत राहिला. मग उठला आणि जाऊन-येऊन चार दिवसांची वाट तुडवून टोप घेऊन आला.

आखाजीच्या दुपारी पाटलांच्या अंगणात तो नाचला. ढोल नाही, होळी नाही, आंब्याच्या रसाची वाटी हातात घेऊन बसलेले जावई. लेकरं भोपळ्यांना काड्या टोचून पळत होती. थोरले जावई सुकलाल, नंदुरबारला कारकून, पगार कमी आणि ताठा जास्त. त्यांनी मिशी पुसत विचारलं, "मामा, तुम्ही दोन दिवस तिथं होते म्हणता. मग जेवले कोठे?"

प्रमिलाबाई दाराआडून बघत होत्या. बाज्या टोप घालून, धापा टाकत, चार हात अंतरावर उभा.

"शिधा संगे लई गयथू मी," पाटील हसून म्हणाले. "भिल्लना घरमा कोण जेवस?"

सगळे हसले. बाज्यानं टोप उतरवला. दुसऱ्या दिवशी साल ठरवायची वेळ आली तेव्हा गोठा झाडलेला होता, बैल पाण्यावर नेऊन आणलेले होते, आणि बाज्या नव्हता.

नवा सालदार बैलाला मारायचा. वर्षभर पाटील त्यावरून चिडचिड करत राहिले आणि होळी जवळ येताच "शहाद्याले बैल दखाले जास" असं घरी सांगून डोंगर चढले. बाज्याला घरी आणायचं, एवढंच मनात. खांद्यावर पोरासाठी गुळाची ढेप. तोच पळस, तोच मोह. पण सगळा रस्ता त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर, आधी काय बोलायचं.

पाड्यावर बाज्या बावांच्या शेवटच्या रांगेत होता. अंगावर राख होती, डोकं उघडं होतं.

पाटलांना खाट मिळाली, ती अंगणात. पाड्याचा कारभारी जामसिंग शेजारी येऊन बसला. खाली बाजाराला जाऊन-येऊन त्याची अहिराणी चांगली होती.

"टोप अवकाळी डोकावर चढना, पाटील. जाळना पडना. तीन होळ्या गयात. आते पयलेपाईन पाच." तो सावकाश बोलत होता. "भाऊनं मांगेल ऱ्हातं तं दोष नव्हता. पंचसनी बाज्याले इचारं, पाटील तुन्हा घरमा जेवना का? तो म्हणे, पाटील 'नही' म्हणस. अन पाटील मोठा माणूस, तो खोटं कसाले बोलीन? म्हणीसन तुमलेच इचारस. जेवनात का तुम्ही?"

तोंडातून एक 'हो' काढला असता तर बाज्याच्या तीन होळ्या परत जमा होत होत्या. पण शेजारच्या खाटेवर शहाद्याचा भिला शेठ बसला होता, चारोळी घ्यायला आलेला, सुकलालच्या चांगल्या ओळखीचा. त्यानं तंबाखू मळणं थांबवून कान दिला होता. बाज्याही बघत होता. दारात दगूबाई, तिच्या कडेवर वीरसिंग.

पाटलांनी उभ्या जन्मात दुसऱ्यांनाच जोखलं होतं. पहिल्यांदाच स्वतःला तराजूत घातलं, आणि पारडं कुठं झुकणार हे त्यांना घालण्याआधीच कळलं.

"शिधा होता मन्हापाशी," ते म्हणाले.

भिला शेठनं तंबाखू तोंडात टाकली. जामसिंग उठून गेला. बाज्या जवळ आला. चेहऱ्यावर राग नव्हता, आठ वर्षं गोठ्यात जी होती तीच खाली मानेची अदब होती.

"आबा, शिधा संगे लई उनात ना?"

पाटलांजवळ गूळ होता फक्त.

बाज्या घरात गेला आणि सुपात शिधा घेऊन आला : पीठ, उडदाची डाळ, मीठ, दोन वाळल्या मिरच्या, सगळं कोरं. डाळीवर आमचुराचे दोन तुकडे ठेवलेले होते. अंगणाच्या अगदी कडेला त्यानं तीन दगड मांडले, लाकडं रचली, नवं मडकं झऱ्यावरून भरून आणलं आणि पाटलांना हात न लावता ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

पाटलांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती. ते उकिडवे बसून फुंकत राहिले, धुरानं डोळे गळायला लागले. भाकर थापता थापता फाटली. पलीकडे ढोल सुरू झाला होता.