गोटमारीत झोपलेलं पोर

माझ्या सासऱ्यांना एक गोष्ट सांगायला फार आवडायची. चहाच्या टपरीवर, संत्र्याच्या बागेत, गणपतीच्या मांडवात, ओळखीचं कुणी भेटलं की झालं. "गोटमार चालू होती अन् आमचा अंकुर घोरून राहिला होता," असं ते सुरू करायचे आणि माझ्या अंगाची आग व्हायची.

गोष्ट खोटी असती तर मी सोडून दिली असती. पण ती शब्द न् शब्द खरी होती.

पांढुर्ण्यात आमचं घर जाम नदीच्या काठावर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि तो झेंडा मिळवायला इकडून पांढुर्णा नि तिकडून सावरगाव दिवसभर एकमेकांवर दगड फेकतात. तीच गोटमार. माझं माहेर रामाकोना, तिथे असलं काही नसतं. लग्नानंतरच्या पहिल्या गोटमारीला मी पलंगाखाली जाऊन बसले होते आणि सासरे रघुनाथराव पोट धरून हसले होते. त्यांच्या कपाळावर तरुणपणी बसलेल्या गोट्याची खोक आहे. गोटमारीचा विषय निघाला की त्यांचं बोट आपोआप तिच्यावर जातं.

यंदा अंकुर वर्षाचा व्हायला महिनाभर राहिला होता. त्याला पाळण्यात टाकून मी शेजारी भाजी निवडत होते. बाहेर ढोल, शिट्ट्या, ॲम्ब्युलन्सचे भोंगे, हजारो माणसांचा ओरडा. दुपारी एक गोटा भरकटला आणि आमच्या टिनाच्या छपरावर, बरोबर पाळण्याच्या वर येऊन आदळला. सासूबाईंच्या हातातला चहा सांडला. माझा नवरा राजू जेवता जेवता ताटावरून उठून उभा राहिला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. अंकुरची पापणीसुद्धा हलली नाही.

"पाहा, पाहा!" सासरे टाळी वाजवून ओरडले. "पोट्ट्याले भेवच नाई! माह्या रक्ताचं हाय ते!"

सगळे हसले. राजू परत जेवायला बसला. मी पाळण्याची दोरी धरून त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत तशीच उभी होते.

दुसऱ्या दिवशी अंकुर फरशीवर बसून तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल उलटा करून त्याचं चाक फिरवत होता. मी त्याच्या मागे उभी राहिले, परात डोक्याच्या वर धरली आणि पळीने जोरात वाजवली. तो चाक फिरवत राहिला. परत वाजवली. शेजारची कुत्री भुंकायला लागली. तो चाक फिरवत राहिला. मग तीच परात मी खाली फरशीवर टाकली, तर वळला आणि मला पाहून हसला. फरशी थरथरलेली त्याला कळली होती, आवाज नाही.

घरात सांगितलं तर माझंच डोकं फिरलं असं ठरलं. पोरगं भिंत धरून चालतं, मुरमुऱ्याचा दाणा दोन बोटांच्या चिमटीत बरोबर पकडतं, टाळ्या वाजवतं, टाटा करतं. सगळं कसं वेळच्या वेळी. आता टाळ्या आणि टाटा बघून शिकता येतात, त्याला कान लागत नाहीत, हे मी किती वेळा सांगितलं असेल! मधे तो आपल्याशीच काहीबाही बडबडायचा, ते हळूहळू बंद झालं होतं, हेही सांगितलं. बोलतच नाही म्हटल्यावर सासूबाईंचं लक्ष गेलं ते त्याच्या जिभेकडे.

"जीभ जड हाय त्याची," त्या म्हणाल्या आणि मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेवर घासायला लागल्या. येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्याची हनुवटी धरून तोंडात डोकावून जायची. अख्खी गल्ली त्या एवढ्याशा जिभेच्या मागे लागली. कानाचं नाव मी फार लावून धरलं तेव्हा एक दिवस सासूबाई पळीत लसूण घालून तेल कडकडीत तापवून घेऊन आल्या. मी ती पळी हिसकावली आणि तेल मोरीत ओतलं.

"त्याच्या कानाले हात लावाल तर पाहा!" मी म्हणाले. त्या रडत बसल्या. मला जराही वाईट वाटलं नाही.

राजूचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर तो जळालेले पंप उघडून त्यांच्यात नेमकं कुठे काय बिघडलं ते शोधत असतो. मी दुकानातच गेले.

"मी तीन वर्षांचा होईस्तोवर बोललो नाई. आईले विचार," तो तारेवरून नजर न काढता म्हणाला.

"तुम्ही बोलत नव्हते. ऐकत तर होते नं?"

"माह्या बाबाची गाडी आली का वळते तो."

"फरशी हादरते म्हणून वळते! नागपूरला नेऊन कान तपासू, एवढंच म्हणून राहिली मी."

त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, "सुचिता, एकदा गावात बहिरं नाव पडलं नं, तर जलमभर तेच राह्यते. अंकुर कोणी म्हणत नाई मंग."

म्हणजे याला कळलं होतं! मला इतके दिवस वाटत होतं, पुरुषमाणूस, दिवसभर बाहेर, याच्या ध्यानात आलं नसेल. याच्या सगळं ध्यानात आलं होतं आणि सासूबाई वेखंड घासत असताना हा गप्प बसून बघत होता. माझा इतका संताप झाला की समोरचा पंप उचलून रस्त्यात फेकावासा वाटला.

"अंकुर म्हटलेलं तरी त्याले कुठं ऐकू येते?" मी म्हणाले.

त्याने परत तार हातात घेतली. "वाढदिवस होऊन जाऊ दे," एवढंच म्हणाला. "बाबानं सगळ्यायले बलावलं हाय. मंग जाऊ."

वाढदिवसाला अंगणात मांडव पडला. बोरगावहून माझी नणंद हिमानी तिच्या लहान मुलीला घेऊन आली, सगळी गल्ली आली. केकवर वाघाचं चित्र काढून आणलं होतं. आणि सासऱ्यांनी कुणाला न सांगता एक ढोलवाला बोलावला होता, गोटमारीत वाजवतो तोच.

"तुम्हाले खोटं वाटते नं?" सासरे पाहुण्यांना म्हणाले. "आता डोळ्यानं पाहा." त्यांनी अंकुरला खुर्चीवर बसवलं आणि ढोलवाल्याला त्याला अगदी खेटून उभं केलं. "वाजव!"

ढोल वाजला. हिमानीची मुलगी कानांवर हात ठेवून रडत आईच्या पदरात घुसली. म्हाताऱ्या बायका मागे सरकल्या. अंकुरने हात लांब केला, तळवा ढोलाच्या कातड्यावर ठेवला आणि खदखदून हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासरे कपाळाची खोक चाचपत अभिमानाने सगळ्यांकडे पाहत होते.

मी पुढे गेले आणि ढोलवाल्याच्या हातातली टिपरी धरली. ढोल थांबला.

"मामाजी, त्याच्या मागं उभे राहा," मी म्हणाले. "अन् हाक मारा त्याले."

त्या घरात सुनेने सासऱ्यांना चारचौघांत असं बोलायची रीत नाही. राजू माझा हात ओढायला लागला. मी हात झटकला.

"काहून?" सासरे म्हणाले.

"मारा नं. तुमचा नातू हाय. तुमच्या रक्ताचा."

लोक बघत होते, म्हणून ते हसत हसत खुर्चीमागे गेले. "अंकुर," म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अंकुर! अबे पोट्ट्या!" मग त्यांचं हसू गेलं. ते त्याच्या डोक्याजवळ वाकले, आणि नदीत उभे राहून झेंड्यासाठी ज्या आवाजात ओरडायचे त्या आवाजात त्यांनी आपल्या नातवाचं नाव घेतलं. गल्लीच्या टोकाला उभी असलेली माणसं वळून पाहायला लागली.

अंकुरला एवढंच कळलं होतं की ढोल थरथरायचा थांबला. तो कातडं आपल्या तळव्याने थोपटत होता. त्यातून काही येईना तेव्हा कंटाळून मागे वळला. त्याला आजोबांचं उघडं तोंड दिसलं. त्याला तो खेळ वाटला. त्यानेही आजोबांसारखं मोठं तोंड उघडलं, काहीही आवाज न करता, आणि उघडंच ठेवलं.

सासरे त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग घरात निघून गेले. केक कुणी कापला मला आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही नागपूरची गाडी पकडली. एवढ्या लहान मुलाच्या कानाची तपासणी तो झोपेत असतानाच करतात. डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मशीनवर पाहतात.

"लवकर झोपतो का?" तिथल्या बाईंनी विचारलं.

"गोटमारीत झोपला होता," राजू म्हणाला, आणि तिथेच खुर्चीवर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. माझ्याकडे त्याला द्यायला तेव्हा काही नव्हतं.

दोन्ही कान. डाव्यात थोडं शिल्लक, उजव्यात त्याहून कमी. जन्मल्यावर लगेचच ही तपासणी करता येते, कुणी सांगितलं नाही का, असं बाईंनी विचारलं. मला कुणीही सांगितलं नव्हतं. जिथे बाळंत झाले तिथल्यांनी पेढे मात्र मागून घेतले होते. दोन्ही कानांना मशीन लावू, बोलणं शिकवायला दर आठवड्याला आणा, एक आठवडाही चुकवू नका, असं त्या म्हणाल्या. मी म्हणाले, चुकणार नाही. राजूनेही मान हलवली.

दिवाळीच्या आधी मशीन मिळाली. घरी परतलो तर सासरे ओट्यावर बसलेले. वाढदिवसापासून ते माझ्याशी बोलत नव्हते. त्यांनी अंकुरच्या कानांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

"टोपी घाल त्याले," ते पुटपुटले. "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," मी म्हणाले. अंकुरला त्यांच्याकडे पाठ करून ओट्यावर बसवलं, हातात त्याचा बैल दिला, गाडीच्या गोंगाटात बंद ठेवलेली मशीन चालू केली. "मामाजी, हाक मारा."

त्यांनी मान हलवली. नको, नको. वाढदिवसाचा तो दिवस त्यांच्या तोंडावर जसाच्या तसा होता. मी हटले नाही. पायरीवर चपला काढत असलेला राजू म्हणाला, "मारा नं, बाबा."

सासऱ्यांनी घसा खाकरला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अंकुर."

अंकुरचे खांदे दचकून वर गेले. बैल हातातून पडला. तो गर्रकन मागे वळला, आजोबांकडे पाहिलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि त्याने असं भोकाड पसरलं की सासूबाई स्वयंपाकघरातून पळत आल्या. तो घाबरला होता. जन्मात पहिल्यांदा आवाजाला घाबरला होता.

"भेलं वं ते पोट्टं!" सासरे त्याला उचलायला धडपडत उठले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी त्यांचा हात मधेच धरला. मला सगळ्यांचा राग होता आणि तो अजून गेला नव्हता, गेलेला नाही.

"भेऊ द्या," मी म्हणाले. "परत मारा हाक."