गैरहजर मनाची प्रतिष्ठा

जेवणानंतर पोर्ट वाइनची सुरई टेबलावर डावीकडेच सरकवायची आणि ती कुणापाशी अडली तरी मागायची नाही, असा आमच्या केंब्रिजच्या कॉलेजात रिवाज आहे. अडवणाऱ्याला फक्त विचारायचं, "नॉरिचचे बिशप ओळखीचे आहेत का?" समजणारा समजतो आणि लाजून सुरई पुढे ढकलतो.

त्या संध्याकाळी फेलोशिपची जागा एक होती, उमेदवार दोन. मधमाश्यांवर काम करणारी विनिफ्रेड ॲस्क्यू, जिची सध्याची नोकरी महिन्याभरात संपणार होती. आणि ऑब्री टेंपल्टन, ज्यांनी तोंड फक्त खाण्यासाठी उघडलं.

सुरई आधी निवड समितीचे अध्यक्ष प्रोफेसर पेंबर्थी यांच्यापाशी थांबली. ते बोलत राहिले, पुढचे ग्लास कोरडे राहिले. बिशपांची आठवण कुणालाही झाली नाही. अखेर सुरई शेजारच्या विनिफ्रेडकडे सरकवून त्यांनीच तिला विचारलं, मधमाशी वाट कशी लक्षात ठेवते? ती मन लावून सांगू लागली. लगेच समितीतले डीन खाकरले.

"काय हो बाई, नॉरिचचे बिशप ओळखीचे आहेत का?"

"नाही हो. मधमाश्या पाळतात का ते?"

हशा पिकला. उमेदवार बाहेरच्या खोलीत गेल्यावर डीन म्हणाले, "हुशार आहे पोरगी, पण लक्ष नसतं."

"आणि सर एवढा वेळ सुरई धरून बसले होते, ते?" मी विचारलं.

"अहो, सर ॲब्सेंट-माइंडेड आहेत! त्यांचं मन इथे नसतं, म्हणजे कुठल्या तरी थोर कामावर गेलेलं असतं."

"हिचंही कामावरच होतं की."

"हिला अजून कायमची नोकरी नाही."

म्हणजे या विशेषणालाही पात्रता लागते: कायमचं पद, पांढरे केस, शक्यतो टायवर अंड्याचा डाग. बाकीचे नुसते वेंधळे.

मतं टेंपल्टन यांना पडली. निवडलेल्याशी हस्तांदोलन करून निकाल सांगायचा मान अध्यक्षांचा. पेंबर्थी आम्हा समितीवाल्यांना घेऊन बाहेर गेले आणि त्यांनी विनिफ्रेडचा हात धरला. "अभिनंदन! तुमच्या मधमाश्या फार आवडल्या हं आम्हाला."

तिचे डोळे भरून आले. टेंपल्टन अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले.

"कुणीतरी सांगा ना सरांना," डीन कुजबुजले.

"काय सांगू? वेंधळेपणा झाला म्हणून?" मी विचारलं.

"छे छे! भलतंच काय!"

सगळी समिती गालिच्याकडे बघू लागली. मग डीन पुढे झाले, विनिफ्रेडला म्हणाले, "सोमवारपासून या हं, बाई," आणि टेंपल्टन यांच्यासाठी टॅक्सी मागवायला गेले.