दुपारी तीनला उघडलेलं दार

आमच्या औषधांच्या कंपनीत वेळेच्या बाबतीत मी म्हणेन ती पूर्व दिशा. देशोदेशींच्या गोदामांतली यंत्रं आपापल्या घड्याळाची वेळ पाठवायची. मी ती जागतिक वेळेत बदलून साठवायचे आणि अहवालात पुन्हा स्थानिक करून दाखवायचे. आम्ही सातासमुद्रापार पश्चिमेला, त्यामुळे आमचं घड्याळ जागतिक वेळेच्या पाच तास मागे. साठवताना पाच मिळवा, दाखवताना पाच वजा करा. यात चुकायचं काय, डोंबल?

त्याच अहवालाने थंडकाका गोत्यात आले. थंडकाका म्हणजे शीतगृह सांभाळणारे, भर उन्हाळ्यातही स्वेटर घालणारे. सोमवारी ते पाचला फाटकाबाहेर पडले आणि सातला त्यांच्याच कार्डाने शीतगृहाचं दार उघडलं. त्यांनी कार्ड भलत्याच माणसाला दिलं, असं साहेबांनी धरलं. याची शिक्षा एकच, नोकरी जाणं.

गुरुवारी अकराला चौकशी बसली.

"कार्ड माझ्या गळ्यातच असतं हो ताई. अंघोळीलाही काढत नाही."

"काका, यंत्र खोटं बोलत नाही," मी तोऱ्यात म्हटलं.

साहेबांनी ताजा अहवाल मागितला. मी छापून दिला. ते वाचू लागले, "आज, दुपारी तीन वाजता, दार उघडलं..." आणि थांबले. भिंतीवर सव्वाअकरा वाजले होते.

"काका, आता आगाऊ उघडायला लागलात?"

"मी दहाला उघडलं, साहेब. तीनला काय करायचं ते अजून ठरवलं नाही."

सगळे खो खो हसले. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं. दहा आणि तीन, मध्ये बरोबर पाच. दारावरचं यंत्र त्याच सोमवारी बदललं होतं, आणि ते जागतिक वेळच पाठवत होतं. फाटकावरचं जुनंच होतं. मी मात्र कुणाला न विचारता दोन्हींच्या वेळेत पाच मिळवत बसले होते. आकड्यापुढे तो कुठल्या घड्याळाचा हे लिहून ठेवायचाही मला कंटाळा आला होता. सोमवारचे सात म्हणजे खरे दुपारचे दोन होते, काका कामावर असतानाचे.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी काकांना कामावरून काढायची नोटीस फाडून टाकली.

काका मात्र जागचे हलले नाहीत. "ताई, एवढं घरी येऊन सांगाल? तीन दिवस बायको विचारतेय, कार्ड कुणाला दिलं म्हणून."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे यंत्र खरं बोलत होतं?"

"हो."

"आणि हेही?"

"हो."

काकूंनी काकांकडे पाहिलं आणि पटकन नजर खाली घातली. "तीस वर्षांचा संसार," त्या म्हणाल्या, "आणि मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवला."

काका म्हणाले, "अगं, कागद छापील होता ना."

यावर मला तरी हसू आलं नाही.