नापास तबकडी

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी चार जणं जमत आणि जगाने ज्यांना कधी विचारलं नाही अशा लोकांचं वाजवणं ऐकत. रविवारी दुकान बंद. मागच्या खोलीत डोळे तपासायची खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि तक्त्याखाली रेकॉर्ड प्लेयर. ती खुर्ची मास्तरांची, कारण ते सगळ्यांत वडील. बाकीच्यांनी आपापली स्टुलं ओढून घ्यायची.

मंडळी चारच. चष्मेवाला स्वतः, गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर, जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई, आणि टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात उमेदीची वर्षं घालवलेला लाइनमन. चौघांना वेड एकच, जॅझचं. त्यातही सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटचं, आणि त्यातही फक्त अशा तबकड्यांचं ज्या धूळ खात पडल्या. कुणी मोठ्या नावाची तबकडी आणलीच तर त्या दिवशीचा चहा त्याने करायचा आणि कपही त्यानेच विसळायचे, असा दंड होता.

तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची आणि मधल्या लेबलवर कोरा कागद चिकटवायचा. नाव आधी कळलं की कान झोपतात, असं मास्तर म्हणत. एक बाजू ऐकायची, मग आणणारा सोडून बाकी तिघांनी बोलायचं. पास झाली तर नाव सांगायचं. नापास झाली तर काही न सांगता, होती तशी गुंडाळून घरी न्यायची. आणणाऱ्याची लाज राहावी म्हणून हा नियम केला होता. नियम करताना फार शहाणपणाचा वाटला होता.

चष्मेवाल्याला सगळे जज म्हणत. त्याचा कान तिखट होता हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कुणाची भीड ठेवत नसे. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या वाढदिवसाला हौसेने आणलेली तबकडी त्याने "यापेक्षा तुमचे पेशंट सुरात ओरडतात" म्हणून परत पाठवली होती. त्यामुळे तो "वा" म्हणाला की माणूस आठवडाभर तरंगत असे. जजलाही हे ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

चार महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी जजने स्वतःची तबकडी आणली होती. एका विस्मृतीत गेलेल्या ट्रम्पेटवाल्याची. दोन वर्षं पत्रव्यवहार करून मिळवलेली. तिच्यासाठी त्याने प्लेयरला नवी सुईसुद्धा बसवली आणि ती सगळ्यांना भिंगातून दाखवली. तबकडी पास झाली, पण कशी? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान आहे." लाइनमन म्हणाला, "हो, छान आहे." आणि त्याने बिस्किटांचा डबा पुढे ओढला. दोन वर्षांच्या खटपटीला एवढंच. जजचं तोंड उतरलं.

मग मास्तरांनी पिशवीतून एक पुडकं काढलं. बोलले काही नाहीत. नियमच होता तसा.

सुई टेकली आणि दुसऱ्याच मिनिटाला लाइनमनचा बिस्किटाचा हात डब्यातच राहिला. एक ट्रम्पेट, जरा तिरकस, हसऱ्या स्वभावाचं. आणि त्याच्या मागून येणारा सॅक्सोफोन, ज्याला कसलीच घाई नव्हती. धुनेच्या तिसऱ्या फेरीत शेवटच्या ओळीआधी तो सॅक्सोफोनवाला थांबला. ड्रमवाला पुढे गेला, पियानोवाला पुढे गेला, हा आपला गप्प. आता चुकला असं वाटेपर्यंत गप्प. आणि मग एकाच श्वासात त्याने ती ओळ अशी काही उचलली, की जज स्टुलाच्या कडेला येऊन बसला. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले होते. जजची तबकडी वाजताना त्यांचे डोळे उघडे होते.

जजला तेवढं पुरलं. त्याच्या पोटात दुखलं, दुसरं काही नाही. सुई उचलता उचलता तो म्हणाला, "हा वाजवणारा चार मजले जिना चढून आलाय. मधे तर बिचारा कठड्याला धरून उभाच राहिला."

लाइनमन खो-खो हसला. डॉक्टरीणबाईही हसल्या आणि म्हणाल्या, "तरीच मला वाटलं, कुठेतरी गडबडतंय." त्यांना तसं अजिबात वाटलं नव्हतं, पण जजने ऐकलं म्हणजे असणार. मास्तरही हसले. त्यांनी तबकडी गुंडाळली, कागदाच्या कडा नीट दुमडल्या आणि पिशवीत ठेवली.

आपण खोटं बोललो हे जजला त्याच दुपारी डाचू लागलं. पण कुठल्या तरी दूरच्या, मेल्या-गेल्या वाजवणाऱ्याचं आपण काय बिघडवलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. लाइनमनला ती कोटी इतकी आवडली, की पुढे महिनाभर कुणीही धापा टाकत आलं की तो विचारायचा, "काय, सॅक्सोफोन वाजवून आलात वाटतं?" तेव्हाही मास्तर हसत. जजला मात्र दर वेळी अंगावर झुरळ पडल्यागत होई.

परवा दुपारी वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, दुकानात आल्या. मास्तरांच्या चष्म्याची काडी सैल झाली होती. जजने बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दिव्याखाली फ्रेम धरली.

"भाऊजी, एक विचारू? ह्यांनी त्यांची रेकॉर्ड तुम्हाला ऐकवली होती ना?"

"कुठली? ते बऱ्याच आणतात."

"अहो, त्यांची स्वतःची. लग्नाआधी हॉटेलात वाजवायचे ना हे, सॅक्सोफोन. पाच जणांचा बँड होता. एक रेकॉर्ड केली, आणि ती बाजारात यायच्या आधी कंपनीच बुडाली. नमुन्याच्या पाच तबकड्या, पाच जणांना एकेक. नंतर हे शाळेत लागले, आणि संपलं. तुम्हाला कधी बोलले नाहीत? लाजतात हो."

स्क्रू जजच्या बोटांतून निसटला आणि काउंटरवर घरंगळला. त्याने तो शोधायला मान खाली घातली आणि बराच वेळ वर काढली नाही.

"आता दोघा तरुणांना कुठेतरी ती मूळ टेप सापडलीय," वहिनी सांगत होत्या. "त्यांना ती रेकॉर्ड आता बाजारात काढायची आहे. बँडमधले बाकी चौघं गेले, म्हणून ह्यांची एक सही हवी. पत्र आलं तेव्हा काय आनंदले होते! म्हणाले, आधी जजला ऐकवतो, तो तोंडदेखलं बोलत नाही. तो बरं म्हणाला तर सही करतो. आणि त्या रविवारी घरी आले ते पत्र खणात टाकून मोकळे. म्हणे, गेलेल्या माणसांचं हसं कशाला करायचं? महिनाअखेरीला मुदत संपतेय. म्हणजे परवापर्यंत पोस्टात पडायला हवं."

जजने सापडलेला स्क्रू काडीत बसवायला घेतला, तो बसेना.

"मला त्यातलं कळत नाही," वहिनी हळूच म्हणाल्या, "पण खरं सांगा, इतकं वाईट आहे का हो?"

असं सरळ विचारल्यावर माणसाने सरळ उत्तर द्यावं. जज म्हणाला, "चष्मा संध्याकाळी मीच घरी आणून देतो." एवढंच त्याला जमलं.

संध्याकाळपर्यंत त्याने दोन गिऱ्हाइकांना चुकीचे नंबर सांगितले आणि दोघांना परत बोलावून माफी मागितली. ही माफी सोपी होती. दुसरी कशी मागायची, याची तो मनात जुळवाजुळव करत होता, आणि माणूस किती हलका असतो बघा, वाटेत त्याला पळवाट सापडलीसुद्धा.

मास्तर जेवणाच्या टेबलापाशी जुन्या चष्म्याने शब्दकोडं सोडवत बसले होते. वहिनी समोर भाजी निवडत होत्या. मास्तरांनी चष्मा नाकावर चढवून पाहिला. "झकास. बस ना."

"मास्तर, ती तुमची तबकडी..." जज बसता बसता म्हणाला. "वहिनी बोलल्या मला. त्या दिवशी माझी सुई खराब होती. नीट ऐकूच आलं नाही."

"सुई कोरी होती. तूच भिंगातून दाखवलीस सगळ्यांना."

पळवाट दोन वाक्यांतच बुजली.

"मास्तर, मी खोटं बोललो. फार सुंदर आहे ते वाजवणं."

मास्तर हसले. रागावले असते तर परवडलं असतं. "तिने सांगितलं ना तुला? म्हणून आलास. तू चांगला माणूस आहेस, पण उगाच नको. मला वाईट वाटलेलं नाही. वाजवताना आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून तर तुला विचारलं. एक शंका होती इतकी वर्षं, ती मिटली."

"मिटली नाही! मी सांगतोय ना!"

"आज सांगतोयस. त्या दिवशी तुला माहीत नव्हतं कोण वाजवतंय, म्हणून तेच खरं."

जजने टेबलावर तळहात ठेवला आणि तो गुणगुणायला लागला. आवाज बरा नव्हता, फाटत होता. तरी त्याने तिसरी फेरी पहिल्यापासून धरली. ट्रम्पेटची ती तिरकस ओळ, मग सॅक्सोफोन, त्याचं एकेक वळण. एकदाच ऐकलेलं, चार महिन्यांपूर्वी. शेवटच्या ओळीआधी तो थांबला. टेबलावर बोटाने ठोके देत राहिला आणि गप्प राहिला, पुरते सात ठोके. मग एका श्वासात ओळ उचलली.

मधेच कधीतरी मास्तरांचं बोटही टेबलावर ठेका धरू लागलं होतं. चेहऱ्यावर वीस-बावीस वर्षांचा कुणी पोरगा येऊन गेला. "ते सात ठोके," ते म्हणाले, "मी महिनाभर घासले होते रे. ट्रम्पेटवाला म्हणायचा, थांबू नकोस, लोकांना वाटेल विसरलास. मी म्हटलं, ज्याला कळायचं त्याला कळेल."

"कळलं होतं," जज म्हणाला. "तिथेच कळलं. रोज आठवतं मला ते."

मास्तरांचं बोट थांबलं.

"म्हणजे त्याच दिवशी कळलं होतं."

"हो."

"आणि तिथेच तू ते जिन्याचं बोललास."

जजने मान हलवली. "माझी तबकडी कुणाला आवडली नव्हती. तुमची वाजली आणि बाईंनी डोळे मिटले. एवढंच कारण. दुसरं काही नाही." सांगताना ते कारण इतकं लहान वाटलं, की त्याला वाटलं, याहून मोठं पाप असतं तर बरं झालं असतं.

वहिनींचे हात भाजीत थांबले होते. मास्तर उठले, खणातून पत्र काढलं, टेबलावर सपाट केलं आणि शब्दकोड्याच्याच पेनाने सही केली. "उद्या सकाळी पोस्टात टाक," असं वहिनींना म्हणाले. मग पेनाला टोपण लावलं.

"मास्तर, रविवारी सगळ्यांसमोर सांगतो मी."

"सांग."

"तुम्ही याल ना?"

"येईन की. न येऊन कुठे जाणार?" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि जज तो शोधत होता. "पण एक सांगू? कान चुकला असता तर काही वाटलं नसतं. कान कुणाचाही चुकतो. एवढ्या गावात एक माणूस तरी खोटं बोलत नाही, असं मी धरून चाललो होतो. फार बरं वाटायचं ते."

वहिनींनी विचारलं, "भाऊजी, चहा टाकू?" जज नको म्हणाला, आणि मग कुणीच आग्रह केला नाही.