दोन तोंडांचे टाके

मी एक जुने टाके आहे. नंदुरबारच्या अलीकडे एक लहानसे स्टेशन आहे. मित्रांनो, त्याच्या फलाटाखाली, जमिनीच्या पोटात माझी जागा. तापीच्या खोऱ्यात आगगाडी आली तेव्हा मला चुन्यात बांधले. वर तिकिटाची खिडकी, एक बाक, कंदील आणि कडुनिंब एवढाच थाट. पण माझे पाणी भर वैशाखातही गार. लोक पिऊन तृप्त होत. तेव्हा मला फार बरे वाटे.

माझे पोट एक, तोंडे मात्र दोन. एका तोंडातून स्टेशनचा पाणक्या दोधू पाणी काढी आणि हिंदूंचा रांजण भरी. दुसऱ्यातून दुसरा पाणक्या वहाब मुसलमानांचा भरी. प्रवाशांना वाटे, खाली टाकी दोन आहेत. ते तसेच वाटू द्यायची रीत होती. दोधूच्या झाकणाला कुलूप असे, आणि किल्ली वहाबकडे ठेवायचा प्रश्नच नव्हता.

एका उन्हाळ्यात दोधू नात्यातल्या लग्नाच्या हळदीसाठी कोरीट गावी गेला. किल्ली त्याच्या धोतराच्या गाठीत तशीच राहिली. दुपारपर्यंत त्याचा रांजण कोरडा पडला. मग गाडी आली.

तिच्यात गजराबाई नावाची म्हातारी आजारी नातीला नंदुरबारच्या डॉक्टरकडे नेत होती. डब्यातले तांबे केव्हाच रिकामे झाले होते. पोर तापाने फणफणलेली, ओठ सुकलेले. "माय, पानी," एवढेच ती म्हणत होती.

वहाब पेला भरून खिडकीशी धावला. म्हातारीचा हात पुढे आला आणि मागे गेला.

"नको भाऊ. नंदुरबारले पाजसू."

"मावशी, पानी एकच शे. खाले टाकं एकच शे."

तिला ते पटेना. झाकणे दोन होती, तिच्या डोळ्यांसमोर होती. खाली एकच टाके आहे हे तिला ऐकू यावे म्हणून वहाबने धावत येऊन बादली माझ्यात आपटली. कुलपाच्या झाकणाखालूनही आवाज घुमला. मी जीव तोडून घुमत होते, मित्रांनो. पण इंजिनाने शिटी दिली आणि सगळे तिच्यात बुडाले. गाडी गेली. पेला वहाबच्या हातात तसाच राहिला.

दोन दिवसांनी गजराबाई परतली. मांडीवर कोणी नव्हते. नंदुरबार येण्याआधीच पोर गेली होती. गाडी थांबताच दोधू भरला तांब्या घेऊन पुढे झाला. ती त्याच्यासमोरून चालत वहाबपाशी गेली आणि तिने ओंजळ धरली.

"आते दे, भाऊ."

वहाब ओतत राहिला. ती प्यायली नाही. पाणी बोटांमधून गळून फलाटावर सांडत होते. दोधूने कुलूप काढले ते पुन्हा लावले नाही.

आता मला दगडमातीने बुजवणार आहेत. वर लोखंडी टाकी उभी राहिली आहे. तिलाही दोन नळ बसवले आहेत, हिंदू आणि मुसलमान अशा दोन पाट्यांचे. मित्रांनो, माझे तोंड बंद होण्याआधी पदर पसरून मागते: त्या नळांपाशी कोणी अडखळला तर त्याला सांगा, पाणी एकच आहे. वहाबचा आवाज पोहोचला नाही. तुमचा तरी पोहोचू द्या.