पहिला घास

कमळाकरने बादली पुन्हा घोड्याच्या तोंडाखाली धरली. कॅप्टनने भिजलेल्या चण्यांचा वास घेतला, कान पाडले आणि मान फिरवली. कालपासून हेच चाललं होतं. रविवारी महालक्ष्मीला मोठी शर्यत होती, आणि उपाशी घोडा काय धावणार?

ब्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात कमळाकरइतके कप जिंकलेला ट्रेनर मुंबईत विरळा होता. शर्यतीआधी घोड्याला कुणी काही चारेल, या भीतीने तो घोडा उरणकडे, मोरा बंदराजवळच्या किनाऱ्यावर आणून ठेवी. दाण्याच्या कोठीची चावी त्याच्याच कमरेला असे. तरी परवा त्याने घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दार गोटीरामला धक्क्यावर लाँचमधून उतरलेल्या एका गॉगलवाल्याशी हसून बोलताना पाहिलं आणि त्याच संध्याकाळी त्याला काढून टाकलं. गोटीराम खांद्यावरचा टॉवेल झटकून निघून गेला. इतका जुना माणूस भांडला कसा नाही, याचाच कमळाकरला जास्त संशय आला.

गोटीरामची बायको पुतळा रोजच्यासारखा गवताचा भारा घेऊन आली. कमळाकरने भाऱ्यात हात घालून चाचपलं.

"इंचू नाय ठेवला त्यात," ती म्हणाली.

"धक्क्यावर कोण होता तो?"

"माझा भाव. सासऱ्यानं गॉगल दिलाय, तवापासून सूर्य बुडला तरी काढत नाय."

कमळाकर हसला नाही. "घोड्याला काय केलंत तुम्ही?"

"आमी काय करनार? तुमीच केलंय." तिने बादलीकडे पाहिलं. "तो शिंगरू व्हता तवा नेम कुनी घातला? आदी मोतद्दारानं घास खायचा, मंग घोड्यानं. आमचं मानूस रोज याच्यासमोर चनं खायचं. आता कुनी खाल्ल्याबिगर तो तोंड लावल कसा?"

नेम त्याचाच होता. विष असेल तर आधी माणसाला कळेल, असं तो क्लबात हसत सांगत असे.

"बोलव त्याला."

"मिठागरावर लागलाय तो. नाय येनार." ती भारा सोडू लागली. "तुमीच खावा की. चनं तुमचंच हाईत."

कमळाकरने मूठभर चणे उचलले. ते त्यानेच कोठीतून काढले होते, पाणीही त्यानेच शेंदलं होतं. कॅप्टनने कान टवकारले आणि त्याच्या तोंडाकडे पाहत मान पुढे केली.

मूठ हनुवटीपर्यंत आली आणि थांबली. कमळाकरची नजर अंगणातल्या विहिरीकडे गेली.

कोठीला कुलूप होतं. विहिरीला साधं झाकणही नव्हतं.