कांचनच्या नावाचा परवाना

मित्रांनो, मी एक जुनी कयाक आहे आणि मी डूख धरते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी तुम्ही म्हणाल की होडी दिसायला किती गरीब आणि मनाने किती खुनशी! दिसायला मी गरीबच आहे. रंग हिरवा, लांबी बारा फूट, एकाच माणसाला बसता येईल एवढी जागा. पण माझ्या पोटावर वीतभर लांबीची एक चीर आहे, आणि ती कुणामुळे पडली हे मी विसरलेली नाही.

माझा जन्म २००१ सालचा. कारखान्यात प्लॅस्टिकची भुकटी साच्यात ओतली, साचा भट्टीत घातला आणि गरगर फिरवला. बाहेर आले ती एकसंध, कुठे जोड नाही की सांधा नाही. तिथल्या कामगाराने माझ्या पाठीवर थाप मारली आणि "चांगली निघाली" असं म्हटलं. तेवढं कौतुक मला बरेच दिवस पुरवून पुरवून वापरावं लागलं. पहिल्या मालकाने मला एकदा तळ्यात घातलं आणि मग अंगणात पालथी टाकून दिली. दोन हिवाळे मी तशीच पडून होते.

२००३ सालच्या वसंतात त्या अंगणात जुन्या सामानाची विक्री लागली. गाव न्यू जर्सीतलं पार्सिपनी. तिथे एक बाई आली, तिने मला सरळ केलं, आतली कोळिष्टकं काढली आणि बोटाने टकटक करून माझं सगळं अंग वाजवून पाहिलं. ती कांचन. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेली आणि नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत आलेली.

"सुशांत, ही घेऊ या. मला गरवायला जायचंय," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय करायला?"

"गळ टाकून मासे धरायला रे. आमच्याकडे गरवणं म्हणतात. बाबांबरोबर रोज जायचे मी."

"अगं, मासे ग्रोसरीत मिळतात की! आणि ही ठेवायची कुठे यार?"

पण घेतली. सुशांत पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, माणूस तसा हौशी. वाईट नव्हता, असं कांचन म्हणते. माझं मत मी पुढे सांगेन.

कांचन त्याच्या व्हिसावर आलेली होती, म्हणून तिला इथे नोकरी करायची परवानगी नव्हती. घर त्याच्या नावावर, गाडी त्याच्या नावावर, फोन आणि विजेचं बिलही त्याच्याच नावावर. कुठल्याही काउंटरवर कुणी विचारलं की ती "आय ॲम विथ हिम" म्हणायची आणि एक पाऊल मागे सरकून उभी राहायची.

त्या ऑक्टोबरात आम्ही पहिल्यांदा उत्तरेला गेलो. न्यू यॉर्क राज्याच्या वरच्या टोकाला एका मोठ्या सरोवराला मिळणारी नदी आहे. थंडी सुरू झाली की सरोवरातले सॅमन मासे अंडी घालायला त्या नदीत चढतात. हाताएवढे नव्हेत, मांडीएवढे! नदीकाठच्या दुकानात कांचनने मासेमारीचा परवाना काढला. दुकानदाराने सुशांतलाही विचारलं.

"मला कशाला? तुझं आहे की लायसन्स," सुशांत कांचनला म्हणाला. "आपलं काय वेगळं आहे?"

कांचनने परवाना हातात घेतला. तो कागद तिने दोनदा वाचला. अमेरिकेतला हा पहिलाच कागद होता, ज्यावर फक्त तिचं नाव होतं. तिने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या पोटातल्या कप्प्यात ठेवला. पुढे दर वर्षी नवा परवाना निघाला की जुनाही तिथेच राहायचा. मी ते सगळे जपले.

त्या दिवशी बर्फ पडत होता. वल्ह्यावर पडलेलं पाणी गोठून कडक होत होतं. सुशांत काठावर गाडीत हीटर लावून बसला होता. मुखाजवळ नदी संथ होते, तिथे कांचनने गळ टाकला, आणि तासाभराने असा हिसका बसला की मी जागच्या जागी वळले. माशाने आम्हाला ओढत नेलं, मित्रांनो! बारा फुटांची होडी आणि आत बसलेली बाई, दोघींना प्रवाहाविरुद्ध! कांचनने दोर तुटू दिला नाही, घाई केली नाही. "ये, दमून घे बाबा, मग ये," असं ती त्याच्याशी मराठीत बोलत होती. काठावर आली तेव्हा तिच्या बोटांतून रक्त येत होतं आणि ती हसत होती.

सुशांत गाडीतून उतरला, हातमोजे घातले आणि मासा उचलला. "काढ, काढ, माझा एक फोटो काढ!"

तिने काढला. दुसरा फोटो काढायचं कुणाला सुचलंच नाही. आठवड्याभरात तो फोटो गावातल्या साऱ्या मराठी घरांत ई-मेलने पोचला, खाली इंग्रजीत "मी पकडलेला राक्षस" असं लिहून.

परतीच्या वाटेवरच माझा घात झाला. सुशांतने मला टपावर बांधलं होतं ते बुटाची नाडी बांधावी तसं. हायवेवर मी घसरले, रस्त्यावर आपटले आणि माझं पोट फाटलं. त्याने वरून टेप चिकटवली आणि हात झटकले. नंतर कांचनने हिरव्या प्लॅस्टिकचा तुकडा शोधून आणला, इस्त्री तापवली आणि चार दुपारी खपून माझी चीर बुजवली. खूण मात्र राहिली.

पुढच्या वर्षी त्यांनी टाउनहाउस घेतलं आणि मला गॅरेजमध्ये जागा मिळाली. दिवाळीच्या पार्टीला बायका वर स्वयंपाकघरात असायच्या, पुरुष ग्लास घेऊन खाली गॅरेजमध्ये यायचे. तिथे सुशांतची कथा रंगायची. मासा कसा ओढत होता, बोटं कशी कापली, सगळं सगळं. कांचनने गाडीत त्याला जे सांगितलं होतं ते शब्दही न बदलता तो सांगायचा. एकदा तर माझ्या चिरेवर हात ठेवून म्हणाला, "ही बघा, खडकावर घासली. रॅपिड्समध्ये, खळाळत्या पाण्यात गेलो होतो ना! थोडक्यात वाचलो."

माझी जखमसुद्धा त्याने स्वतःच्या शौर्याला लावली! त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला मी सोडणार नाही.

प्रल्हादकाका म्हणून एक निवृत्त डॉक्टर होते, गावातल्या मराठी मंडळातले सगळ्यांत जुने. ते मान डोलावत म्हणाले, "वा! पुण्याचा माणूस आणि पाण्यातला पराक्रम! एकदा बघायला यायला हवं."

तेवढ्यात भज्यांची ताटली घेऊन कांचन खाली आली होती. तिने हे ऐकलं. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "सुशांत, मासा मी पकडला होता ना?"

"अगं, मग? मी कुठे नाही म्हटलं? आपलं काय वेगळं आहे?"

"फोटोत तू एकटाच आहेस."

"कारण फोटो तू काढलास!" असं म्हणून तो हसला आणि दिवा घालवून वर गेला.

दुसरा मासा, तिसरा मासा, चौथा मासा. दर वर्षी बर्फात ती, फोटोत तो. २००५ साली तो एकदा फोटोपुरता माझ्यात बसला. मी वाटच पाहत होते. जरा कलंडले, आणि साहेब गुडघाभर थंडगार पाण्यात! मला वाटलं, जिरली. कसची जिरते? दिवाळीत त्याने सांगितलं की वादळात होडी उलटली आणि तो पोहत काठाला आला. माझा सूडही त्याने खिशात घातला. तेव्हा मला कळलं की अशा माणसाला पाण्यात पाडून उपयोग नसतो.

२००७ सालचा नोव्हेंबर, दिवाळी तोंडावर आलेली. यावेळी प्रल्हादकाका खरोखरच आले, कानटोपी, मफलर सगळं घालून. सुशांतची थोडी तारांबळ उडाली. मग त्याने त्यांना गाडीत बसवून गरम कॉफी दिली आणि सांगितलं, "काका, आधी कांचन जरा हात साफ करून घेते. मग मी जातो."

बर्फ इतका दाट होता की पलीकडचा काठ दिसत नव्हता. आणि त्या दिवशी तिला जो मासा लागला, तसा मी पाहिला नव्हता. पाऊण तास तो आम्हाला नदीभर फिरवत होता. माझी चीर ताणली जात होती. ती उघडली तर दोघीही बुडणार हे मला ठाऊक होतं. मी ती जिवाच्या कराराने धरून ठेवली. कांचनने अखेर त्याला जाळीत घेतलं.

आम्ही काठाला लागलो. 'आता माझी पाळी' असं काकांना सांगून सुशांत मघाच गाडीतून उतरला होता आणि काठावर बर्फात थांबला होता. सुशांत धावत आला, मासा उचलला, आणि काका गाडीतून उतरून येईपर्यंत मासा छातीशी धरून तयार! काकांना गाडीतून बर्फाखेरीज काही दिसलंच नव्हतं.

"अरे बापरे! हा तू धरलास?" काका म्हणाले.

"मग काय काका! चाळीस मिनिटं खेळवला."

कांचन माझ्याशेजारी बर्फात उभी होती. तिने बोटं तोंडात धरली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते थंडीने नव्हे.

झाडांमागून एक उंच माणूस आला. अंगावर गणवेश होता. मासेमारीचे परवाने तपासणारा सरकारी अधिकारी. हसून म्हणाला, "नाइस फिश! हू कॉट इट?"

"आय डिड!" सुशांतच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"लायसन्स, प्लीज."

सुशांतने हात पुढे केला. "कांचन, तुझं दे गं." तिने माझ्या पोटातून पिशवी काढून दिली. अधिकाऱ्याने कागद वाचला, मग सुशांतच्या दाढीकडे पाहिलं.

"धिस इज हर लायसन्स."

"येस, येस. वुई आर फॅमिली."

अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं की परवाना कुटुंबाचा नसतो, माणसाचा असतो. ज्याने मासा पकडला त्याचा हवा. मग त्याने पावतीपुस्तक काढलं. सुशांतचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या ग्रीन कार्डाचे कागद सरकारकडे होते आणि सरकारी पुस्तकात कसल्याही गुन्ह्याखाली नाव चढायच्या कल्पनेनेच तो गारठला. तो एकदम कांचनकडे बोट दाखवत मराठीत ओरडला, "कांचन, सांग ना त्याला! तू पकडलायस! काका, हिनेच पकडला, दर वर्षी हीच पकडते!"

चार वर्षांत पहिल्यांदा. काकांनी मफलर खाली केला आणि ते सुशांतकडे पाहत राहिले.

अधिकारी कांचनकडे वळला. "मॅम, डिड यू कॅच धिस फिश?"

एक 'येस' म्हणायचं होतं. मासा तिला मिळाला असता, नवरा सुटला असता. तिने त्या माशाकडे पाहिलं. इतका मोठा तिला पुन्हा कधी मिळणार नव्हता, आणि हे तिला माहीत होतं. माझ्या कडेवर तिचा हात होता.

"नो, सर," ती म्हणाली. "माय हजबंड कॉट इट. ही ऑल्वेज डझ."

मित्रांनो, खोटं बोलणं वाईट, हे मी तुम्हाला सांगायला हवं. सांगितलं. पण त्या क्षणी मला जो आनंद झाला तो कारखान्यातल्या थापेनंतर पहिल्यांदाच झाला. अधिकाऱ्याने पावती लिहिली, त्यावर सुशांतचं पूर्ण नाव आणि खाली गुन्हा. मासा जप्त झाला. आजवर सुशांतने सांगितलेल्या सगळ्या माशांपैकी हा एकच मासा कागदोपत्री त्याचा आहे.

मला टपावर कांचनने बांधलं, घट्ट. काका गाडीत जाऊन बसले होते. सुशांत दबक्या आवाजात म्हणाला, "तू खोटं का बोललीस?"

तिने शेवटची गाठ ओढली. "तू बोललास काय, मी बोलले काय. आपलं काय वेगळं आहे?"

त्या दिवाळीत गॅरेजमध्ये कुणी कथा सांगितली नाही. काकांनीच सांगितली, वर, स्वयंपाकघरात, सगळ्या बायकांसमोर.

आता २००८ साल आहे. परवाच आम्ही नदीवर जाऊन आलो. काठावर एका म्हाताऱ्या मासेमाराने सुशांतला विचारलं, "तुम्हीही गळ टाकता का?" तो एक पाऊल मागे सरकला आणि म्हणाला, "नो, नो. आय ॲम विथ हर."

कांचनने त्याला तिथेच माफ केलं. थर्मासमधली कॉफीही दिली. मी केलेलं नाही. माझी चीर अजून थंडीत ठणकते, आणि तो पुन्हा माझ्यात बसेल तेव्हा बघू.

तर मित्रांनो, होडी असो, सायकल असो की घरातलं माणूस असो, जे तुमच्यासाठी झिजतं त्याची निगा राखा, दोरी नीट बांधा, आणि चारचौघांत त्याचं नाव घ्या. विसरलात तरी आमचं काही अडत नाही. आम्ही गप्प राहतो, कागद जपून ठेवतो, आणि गणवेशातला माणूस झाडांमागून येईपर्यंत थांबतो.